पिवळ्या गाड्यांच्या खाली

शाळेच्या बसमध्ये सगळ्यात जास्त भांडण होतं ते शेवटच्या सीटसाठी. मागच्या चाकांच्याही पलीकडे गाडीचा लांब भाग बाहेर आलेला असतो. तिथं, मागच्या काचेला पाठ लावून ही सीट असते. पुढचं चाक खड्ड्यात गेलं तर धक्का चालकाला बसतो. मागचं गेलं की या सीटवरची पोरं वीतभर वर उडतात. गतिरोधक आला की ती आधीच तयार होतात. पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरायचा, पाय वर घ्यायचे आणि सगळ्यांनी एकदम ओरडायचं. पहिली-दुसरीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, बसमधली चांगली जागा कुठली? ते मागंच बोट दाखवेल.

मी या गाड्यांचा मिस्त्री. पिंपरी-चिंचवडात, भोसरीच्या मागच्या अंगाला आमचं गॅरेज आहे. छोटे ट्रक येतात, कंपन्यांच्या कामगारांच्या गाड्या येतात, पण आमचं पोट आणि आमचं घड्याळ दोन्ही चालतं ते शाळेच्या गाड्यांवर. ४०७ च्या सांगाड्यावर बांधलेल्या जुन्या बस, ट्रॅव्हलर, आयशरच्या मोठ्या गाड्या. एकदा अशाच एका जुन्या बसखाली शिरलो तेव्हा मागच्या उजव्या बाजूचा मेन पाटा तडकलेला दिसला. पाटे एकावर एक रचलेले असतात. त्यांतला सगळ्यात वरचा, ज्याची टोकं वळवून डोळे केलेले असतात, तो मेन. त्या डोळ्यांतून तो चासीला धरून असतो. तो पुरता तुटला तर मागचा अ‍ॅक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी पळायला लागते. दोन्ही शॉकअपही गळून कोरडे पडले होते. म्हणजे त्या गाडीतली मागची पोरं नेहमीपेक्षा जास्त उडत होती, आणि म्हणूनच ती सीट त्या वर्षी जास्त लाडकी झाली होती. आम्ही पाटा बदलला, शॉकअप नवे टाकले, यू बोल्ट आवळले. दोन दिवसांनी गाडीवरच्या ताई आल्या आणि म्हणाल्या, "मुलं विचारतायत, आपल्या गाडीला काय झालं? पूर्वीसारखी उडत नाही."

इतक्या वर्षांत या कामातून जे कळलं, त्यातलं सगळ्यात मोठं हेच. लहान प्रवासी तक्रार करत नाही. एसटीतला माणूस गाडी जरा हिसके द्यायला लागली की कंडक्टरला सुनावतो. ट्रकवाल्याचा तर जीवच स्टिअरिंगमागे असतो, तो आवाज बदलला की रात्री बारालाही फोन करतो. मुलाला मात्र गाडी जशी आहे तशीच असायची असते, असं वाटतं. करकर हा त्या गाडीचा आवाज. जळक्या लायनरचा वास हा शाळेतून घरी येतानाचा वास. ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढली तर ती गंमत, सगळे एकमेकांवर कलंडतात आणि हसतात. मोठ्यांनी बसवलं त्या गाडीत ते बसतं, दप्तर मांडीवर घेतं आणि खिडकीबाहेर बघतं. ते जे बोलत नाही ते कुणीतरी बोललं पाहिजे. मी ते माझं काम समजतो.

चालकानं बोलावं अशी अपेक्षा असते. चांगले चालक बोलतातही. पण बहुतेक चालक पगारावर असतात, गाडी मालकाची असते, आणि मालकाच्या डोक्यावर हप्ता असतो. खर्चाची गोष्ट काढणारा चालक कुणाला फार आवडत नाही. मग एक शब्द तयार होतो: 'चालतंय'. क्लच घसरतो? चालतंय. हँडब्रेक ओढल्यावरही गाडी उतारावर हळूच सरकते? दगड लावतो, चालतंय. आमच्या धंद्यातला सगळ्यात धोकादायक शब्द कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

म्हणून मी ताईंना विचारतो. गाडीत मुलांना चढवायला-उतरवायला असलेल्या या बायका सबंध फेरीभर दाराशी उभ्या असतात, आणि त्यांचे कान चालकाच्या कानांपेक्षा मोकळे असतात. त्यांना पार्टांची नावं येत नाहीत, पण आवाज कधी येतो आणि कुठून येतो हे त्या नेमकं सांगतात. एक ताई म्हणाल्या, "शाळेकडं उजवीकडे वळलो ना, की माझ्या पायाखाली घर्र होतं. डावीकडे वळताना नाही होत." एवढं पुरे झालं. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. आवाज तेव्हाच येत असेल तर डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी वर-खाली हलवलं तर ते सैल लागलं. बेअरिंग काढलं तर रोलरवर निळसर डाग पडलेले, ग्रीस जळून काळं झालेलं. चालकाला विचारलं तर तो म्हणाला, आवाज येत होता खरा, पण रस्त्याचा असेल असं वाटलं.

शाळेच्या गाडीचं काम रात्रीच करावं लागतं. संध्याकाळी सहा-साडेसहाला शेवटची फेरी संपवून ती येते, पहाटे साडेपाचला तिला पहिल्या थांब्याकडे निघायचं असतं. मधले तास आमचे. आल्या आल्या हात घालता येत नाही. ड्रम तापलेले असतात, सायलेन्सरजवळ जाववत नाही, आणि इंजिन निवत असताना कुठूनतरी बारीक टिकटिक येत राहते. तोवर आम्ही आतून गाडी झाडून घेतो, कारण सीटांचे बोल्ट बघायचे असतात. सीटखाली निम्म्या पेन्सिली सापडतात, चिंचोके, डब्याचं झाकण, एकटाच मोजा, वहीच्या पानाचं विमान, खोडरबराचे कुरतडलेले तुकडे. कामाच्या वस्तू आम्ही एका डब्यात घालून सकाळी ताईंच्या हाती देतो.

मग पुठ्ठा टाकून खाली. खालून गाडी पाहिली की वर कोण कसं बसतं ते समजतं. पाण्याच्या बाटल्या गळतात, ते पाणी मॅटखाली झिरपतं आणि पत्र्यावर, आडव्या पट्ट्यांवर गंजाचे ओघळ उमटतात. काही सीटांखाली गंज जास्त, काहींखाली काहीच नाही. सीटचे बोल्ट याच पट्ट्यांतून गेलेले असतात. वरून सीट नवी दिसते, कव्हर चकचकीत असतं, आणि खाली बोल्टाच्या भोवतालचा पत्रा पापुद्रे सुटून हाती येतो. जोराचा ब्रेक लागला तर तिघा पोरांचा भार त्या चार बोल्टांवर येणार. तिथं नुसता रंग मारून भागत नाही. गंजलेला तुकडा कापून नवी पट्टी वेल्ड करावी लागते, आणि हे काम कुणाला दाखवताही येत नाही, कारण ते झाल्यावर पुन्हा मॅटखाली जातं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी ब्रेकवर घालवतो, आणि त्याबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. चाक काढलं तरी ड्रम सहजी निघत नाही. आतल्या कडेला झिजून त्याला ओठ आलेला असतो, त्यात लायनर अडकतो. अ‍ॅडजस्टर मागं घ्यायचा, चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, मग तो सुटतो. आत काळी धूळ साचलेली असते. ती हवेच्या पाइपनं उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, आणि समोरच्या लायनरमध्ये काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्यानं पुसून काढायची. आता लायनर दिसतो. तो शूवर रिव्हेटांनी बसवलेला असतो, आणि रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत खोलवर बुडालेलं असतं. लायनर झिजत झिजत त्या डोक्याच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. त्यापुढे धातूवर धातू घासतो, ड्रमवर चरे पडतात, आणि मग पेडल दाबलं तरी गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबत नाही. डोक्यापर्यंत किती उरलंय ते मी आधी नखानं चाचपतो, मग गेज लावतो.

छोट्या गाड्यांत ब्रेक ऑईलचे असतात. तिथं व्हील सिलिंडरचा रबरी कप गळायला लागला की ऑईल लायनरवर येतं. असा लायनर धुऊन परत बसवायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगतो. पेट्रोलनं धुतलं की तो कोरडा, स्वच्छ दिसतो. पण ऑईल आत मुरलेलं असतं, ड्रम तापला की ते पुन्हा वर येतं, आणि एकच चाक ब्रेक सोडून देतं. गाडी मग दुसऱ्या बाजूला ओढते. बसवायचे तर दोन्ही बाजूंचे लायनर एकदम. मालक म्हणतात, एका बाजूचा तर चांगला आहे. मी जुना ड्रम त्यांच्या पुढ्यात ठेवतो, आतून हात फिरवायला लावतो. बोटांना चरे लागले की पुढची बोलाचाली लवकर संपते.

शाळेच्या गाडीचं किलोमीटरवर मोजमाप करणं चूक आहे. हायवेची बस तासन्‌तास धावते आणि मोजके ब्रेक लावते. आमची गाडी दीडदोनशे मीटरवर थांबते. सोसायटीचं गेट, चौक, पुढचं गेट, पुन्हा चौक. दर थांब्याला ब्रेक, क्लच, पहिला गिअर, दाराची उघडझाप. मीटरवर आकडा लहानच दिसतो, म्हणून मालकाला वाटतं गाडी फारशी चाललीच नाही. लायनर, क्लच प्लेट, दाराच्या बिजागऱ्या, सेल्फ हे सगळं मात्र तेवढ्यात झिजून गेलेलं असतं. पावसाळ्यात यात भर पडते. पाण्यातून गेल्यावर ड्रमच्या आत ओल राहते आणि पहिला ब्रेक पोकळ लागतो. शहाणा चालक पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर पेडलवर हलका पाय ठेवून गाडी चालवतो, म्हणजे घासून लायनर कोरडे होतात. हे कुणीतरी शिकवावं लागतं.

मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो, आणि पेडल दाबलं की तीच हवा चाकांकडे धावते. हवेबरोबर दमटपणा येतो, त्याचं टाकीत पाणी होतं. पहाटे टाकीखालची खीळ ओढून ते सोडायचं असतं. जुलै-ऑगस्टात तिथून राखाडी, तेलकट पाण्याची चांगली पिचकारी येते. रात्रभरात टाकी रिकामी होत असेल तर कुठंतरी गळती असते. ती शोधायला मी साबणाचा फेस वापरतो. गॅरेजमधला रेडिओ, पंखा, सगळं बंद करायचं, मगभर पाण्यात साबण खळखळून घ्यायचा आणि ब्रशनं एकेका जोडावर लावत जायचं. बहुतेक जोड गप्प असतात. मग एका जोडावर फेसाचा एक बुडबुडा हळूहळू फुगायला लागतो, वाटाण्याएवढा होतो, फुटतो, त्याच जागी दुसरा येतो. टॉर्चच्या उजेडात त्यावर रंग फिरताना दिसतात. पहाटे चारला, झोप डोळ्यांत असताना, तो बुडबुडा दिसला की मला मनापासून आनंद होतो.

सकाळी सुरू केल्यावर काटा चढेपर्यंत गाडी हलवायची नसते. डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा बझर वाजत असतो, तो आपोआप बंद होऊ द्यायचा. यात काही मिनिटं जातात. आणि नेमक्या त्याच मिनिटांत चालकाचा फोन वाजायला लागतो: कुठपर्यंत आलात, मूल खाली उभं आहे. बझर वाजत असताना फाटकातून बाहेर पडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आमच्या गॅरेजमधून तशी गाडी मी जाऊ देत नाही, मग कुणी कितीही चिडो.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले होते. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, तो दिवस ते घरच्या सणाएवढा मानायचे. त्यांचे नियम थोडे होते. चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही. गाडी थोडी फिरून आली की पुन्हा पाना लावून बघायचे. आणि ब्रेकचं काम झालं की पहिली फेरी मिस्त्रीनं गाडीत बसून मारायची. ते स्वतः चालकाशेजारी न बसता मुलांच्या सीटवर बसायचे, गुडघे पोटाशी घेऊन, कारण गाडी कशी थांबते हे तिथं बसूनच कळतं. मीही तसाच बसतो. त्या सीटवरून समोरची पाठ उंच दिसते आणि रस्ता अजिबात दिसत नाही. ब्रेक कधी लागणार हे तिथल्या प्रवाशाला आधी कळतच नाही.

मे महिना आमच्याकडे पासिंगचा. शाळा सुटतात, गाड्या रांगेनं येऊन उभ्या राहतात, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत सगळ्यांना फिटनेसचं प्रमाणपत्र हवं असतं. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दोन वर्षांनी लागतं, त्यापुढे दरवर्षी. अंगणात थिनरचा वास भरून राहतो. घासून, पुटी भरून गाड्या पुन्हा सोनेरी पिवळ्या होतात. हा पिवळा अमेरिकेतून आला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी शाळांच्या गाड्यांचे नियम ठरवायला परिषद भरवली. पिवळ्या-केशरी रंगांच्या कितीतरी छटा भिंतीवर लावून त्यांतली एक निवडली गेली. पहाटेच्या अंधुक उजेडात या रंगावर काळी अक्षरं स्पष्ट वाचता येतात, हे तिचं कारण. साडेपाचला फाटकाबाहेर पडणारी गाडी मी रोज बघतो. रस्त्यावरचं बाकी सगळं राखाडी असतं, तेव्हा ती दिसते. निवड अचूक होती.

आपल्याकडचे नियम मात्र एका मोठ्या दुःखातून आले. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्यानंतर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या गाड्यांसाठी अटी घातल्या: वेगाला आवर घालणारा गव्हर्नर, खिडक्यांना आडव्या पट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, आग विझवायचं नळकांडं, दाराला पक्कं कुलूप, गाडीवर शाळेचं नाव आणि फोन. महाराष्ट्राची स्वतंत्र नियमावली २०११ ची. मी खिडकीच्या पट्ट्या वेल्ड करतो तेव्हा त्या अपघाताची तारीख माझ्या मनात असते. पट्टीचा रंग सगळ्यात आधी जातो तो मुलांच्या हातांच्या उंचीवर.

मोशीला आरटीओत गाडी उभी राहते तेव्हा ती वर्षातली सगळ्यात सुंदर दिसते. पण पासिंग म्हणजे एका दिवसाची गाडी. साहेब बघतात ते त्या दिवशीचं. ब्रेक त्या दिवशी चांगला, रिफ्लेक्टर नवे, टायर चांगले. पासिंगपुरते चांगले टायर चढवून परत आल्यावर गोटा झालेले लावणारे लोक या धंद्यात आहेत, हे मी लपवणार नाही. आम्ही तसं करून देत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. लायनर जूनमध्ये नवा असतो. तो डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी जादा फेऱ्या सुरू झाल्यावर कसा आहे, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. कायद्यानं आपल्याला चांगला जून दिला आहे. उरलेले महिने मालकाच्या इच्छेवर आणि मिस्त्रीच्या हट्टावर चालतात.

संकटकालीन दाराचंही असंच. मार्च २०२५ मध्ये आमच्या शेजारी हिंजवडीत कंपनीच्या कामगारांची एक मिनीबस जळाली. पुढचे उतरले; मागच्या चौघांना मागचं दार उघडता आलं नाही, आणि ते तिथंच गेले. आग लावण्यात आली होती, असं पुढे पोलिसांच्या तपासात आलं. पण मला त्या दिवसापासून दारच दिसतं. मागचं दार रोज कुणी उघडत नाही, म्हणून बिजागरी धरते, लॉकमध्ये धूळ बसते, रबर रंगाला चिकटतं. कुठं त्याला टेकवून स्टेपनी ठेवलेली असते, कुठं जादा सीट. आता गाडी कशासाठीही आली तरी मी ते दार आतून उघडून बघतो, आणि एका बोटानं उघडलं तरच पुढं जातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा हात किती जोर लावू शकेल, ते मोजमाप. पुण्याच्या एका चालकानं माझं ऐकून शनिवारच्या फेरीत मुलांकडूनच ते दार उघडून घ्यायला सुरुवात केली. मुलांना तो खेळ वाटतो. तो त्यांना येतो, हे महत्त्वाचं.

कोविडच्या काळात पिवळ्या गाड्यांची जी अवस्था झाली ती मला कधी विसरता येणार नाही. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, लहानांचे त्याच्याही कितीतरी नंतर. तोवर गाड्या मोकळ्या जागांवर उभ्या. चाकांभोवती गवत वाढलं, टायर एका जागी दबून चपटे झाले, उंदरांनी वायरी कुरतडल्या, ड्रमला लायनर गंजून चिकटले. बॅटऱ्या तर केव्हाच मेल्या. हप्ते थांबले नाहीत. काहींच्या गाड्या फायनान्सवाल्यांनी ओढून नेल्या. ओळखीच्या एका काकांनी सीट काढून त्याच गाडीतून भाजी विकली. शाळा उघडायची बातमी आली तेव्हा सगळे एकदम आमच्या दारात. पैसे कुणाकडेच नव्हते. आम्ही ठरवलं, रंग नाही, सीटकव्हर नाही, हॉर्नसुद्धा नंतर. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर. उधारीवर केलं. उभ्या गाडीचे चिकटलेले ड्रम सोडवताना हातांची सालं निघाली. त्या ऑक्टोबरात पहिली गाडी मुलं घेऊन समोरून गेली तेव्हा गॅरेजमधले सगळे काम टाकून रस्त्यावर आले होते. निम्मीच पोरं होती, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तरी आतून आवाज तोच येत होता.

आता गाड्या बदलल्या. एप्रिल २०२० पासून बीएस ६ इंजिनं आली. त्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, ती काजळी जाळून मोकळी व्हायला इंजिन बराच वेळ गरम आणि मोकळं पळावं लागतं. शाळेची गाडी ना तशी पळते, ना पळावी. गव्हर्नर लावलेला, पावलोपावली थांबा. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिन ताकद आवरतं घेतं, आणि गाडी उभी करून जाळी जाळून घ्यावी लागते. आम्ही लॅपटॉप घेतला, स्कॅनर घेतला, पोरांना शिकवलं. मुलांच्या नाकाजवळचा धूर कमी झाला, याचा मला आनंदच आहे. जुन्या गाडीच्या मागून जाणाऱ्या स्कूटरवरच्या पोरांचे चेहरे मी बघितले आहेत. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं. स्कॅनरला लायनर दिसत नाही, सीटखालचा गंज दिसत नाही, मागच्या दाराची बिजागरी दिसत नाही. त्यासाठी अजून पुठ्ठाच टाकावा लागतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं ठरवलं. लहान मुलांना झोप मिळावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. ज्या शाळांनी वेळ बदलली त्यांच्या गाड्यांच्या दोन फेऱ्यांमधली मोकळी जागा मात्र गेली. पूर्वी मोठ्यांना सोडून आलेली गाडी सकाळी तास-दोन तास आमच्याकडे उभी राहायची. तेवढ्यात हवा, बेल्ट, एखादा बल्ब, ग्रीस होऊन जायचं. आता ती थेट लहानांच्या थांब्यावर जाते. वेळापत्रक आखणाऱ्यांनी त्यात गाडीच्या देखभालीचा तास धरायला हवा. तो तास कुठल्याच बैठकीत कुणी मागत नाही.

तो पालक मागू शकतात, म्हणून हे लिहिलं. जूनमध्ये गाडीचे पैसे ठरवताना आपण दोन-तीनशे रुपयांसाठी बरंच बोलतो. त्याच वेळी गाडीवाल्या काकांना एवढं विचारा: लायनर शेवटचे कधी बदलले? पुढचे टायर किती जुने? मागचं दार उघडून दाखवता का? गाडी रात्री कोण बघतं? दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा विचारा. ज्याची गाडी चांगली आहे त्याला हे प्रश्न आवडतात, तो हौसेनं सांगतो. आणि एखाद्या सकाळी गाडी दहा मिनिटं उशिरा आली, काका म्हणाले, "टाकीत हवा भरत नव्हती, म्हणून थांबलो," तर कृपा करून त्यांना बोलू नका.